तिशी-चाळिशीत कम्युनिटी कॉलेजातून युसीमध्ये: ट्रान्सफरचं गणित, पायरी-पायरीने

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. अठरा वर्षांवरच्या कुणालाही तिथे प्रवेश मिळतो. बारावीचे मार्क कुणी विचारत नाही, सॅटची परीक्षा लागत नाही. तिथे साठ सेमिस्टर युनिट (म्हणजे क्रेडिट) पूर्ण करून बर्कली, यूसीएलए किंवा सॅन दिएगोला थेट तिसऱ्या वर्षात जाता येतं. हा मागचा दरवाजा नाही. पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोन विद्यार्थ्यांमागे (फ्रेशमन) एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, आणि त्यात राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना पहिला मान द्यायचा, हे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे युसीचं, जाहीर धोरण आहे.

शिक्षण सुटून दहा-पंधरा वर्षं झालेली, नोकरी-संसार सांभाळणारी माणसं या वाटेने जायचं म्हणतात तेव्हा पहिली भीती वयाची असते. ती बाजूला ठेवा. वयामुळे किंवा मधल्या रिकाम्या वर्षांमुळे अर्ज सहसा पडत नाही. तो पडतो मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, लागणारा एखादा विषय राहून गेल्यामुळे. म्हणून या लेखात निबंधापेक्षा विषयांच्या क्रमावर जास्त जागा खर्च केली आहे.

नाव नोंदवण्याआधी

भारतातली पदवी हातात असेल तर इथेच थांबून विचार करा. पुण्या-मुंबईची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेली असताना पुन्हा बॅचलर करायला गेलात की तुम्ही ‘दुसऱ्या पदवीचे’ अर्जदार ठरता, आणि युसीच्या बहुतेक कॅम्पसवर अशा अर्जदारांना दार बंद असतं किंवा मोजक्याच मेजरपुरतं उघडं असतं. ‘पदवीचा उल्लेखच केला नाही तर?’ हा विचार मनातूनही काढून टाका. आधी शिकलेलं प्रत्येक कॉलेज, मग ते कुठल्याही देशातलं असो, अर्जात दाखवावं लागतं. लपवलेलं पुढे उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. पदवीधरांसाठी बऱ्याचदा शहाणपणाचा मार्ग वेगळा असतो: कम्युनिटी कॉलेजात फक्त लागणारे पूर्वतयारीचे विषय घ्यायचे आणि थेट मास्टर्सला अर्ज करायचा. लग्न, बदली किंवा आजारपणामुळे पदवी अर्धवट राहिली असेल, तर मात्र तुम्ही सरळ ट्रान्सफरच्या रांगेत आहात.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि एच-४ धारकाला कॅलिफोर्नियाचा रहिवासी म्हणून सिद्धही होता येतं. त्यासाठी राज्यात एक वर्षाहून अधिक काळ राहणं आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे कागद हवेत: राज्याचं लायसन्स, इथला टॅक्स रिटर्न, भाडेकरार. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एकट्याच्या नावावर सगळे कागद असणं ही आपल्याकडची नेहमीची गत. ट्यूशन, म्हणजे कॉलेजची फी, ठरवताना ती नडते, म्हणून कॉलेज सुरू करायच्या वर्षभर आधी भाडेकरारावर, बँकेच्या खात्यावर आणि टॅक्सवर तुमचंही नाव आणा. फरक किती पडतो ते पाहा. कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. युसीत रहिवासी नसलेल्यांना नेहमीच्या ट्यूशनवर वर्षाला आणखी ३४,००० डॉलरच्या वर भरावे लागतात. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) असाल तर हा रहिवासाचा मार्ग बंद आहे.

तिसरं, मेजर. ‘आत गेल्यावर बदलू’ हे ट्रान्सफर विद्यार्थ्याला चालत नाही. तुमचा अर्ज त्या मेजरच्या तयारीवरच तोलला जातो. शिवाय कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगसारख्या गर्दीच्या मेजरमध्ये आतून शिरणं बाहेरून शिरण्याहून अवघड असतं.

असिस्टची पानं वाचायला शिका

असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय कुठल्या कॅम्पसच्या कुठल्या विषयाच्या जागी चालतो, याचे करार असतात. पंचांगासारखं ते रोज उघडायचं नाही, पण मुहूर्त काढताना त्याच्याशिवाय भागत नाही. वरती तुमचं कॉलेज, वर्ष आणि कॅम्पस निवडा, मग मेजर. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. अर्ज करायचा आहे अशा प्रत्येक कॅम्पसचं पान छापून शेजारी शेजारी ठेवा, कारण एकाच नावाच्या मेजरला बर्कली एक मागतं आणि डेव्हिस दुसरंच.

वाचताना चार ठिकाणी माणसं फसतात.

‘युसी-ट्रान्सफरेबल’ असणं आणि मेजरसाठी मान्य असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने फक्त युनिट मिळतात. एखादा प्रोग्रॅमिंगचा क्लास साठ युनिटांत धरला जाईल आणि तरीही कॉम्प्युटर सायन्सची गरज भागवणार नाही.

उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं लिहिलं असेल तर तुमच्या कॉलेजात तो विषयच नाही. तेव्हा शेजारच्या कॉलेजचं पान उघडून बघा. कॅलिफोर्नियात एकाच वेळी दोन-तीन कम्युनिटी कॉलेजांत शिकता येतं, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात किंवा ऑनलाइन ते सहज जमतं. प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) मात्र शेवटी द्यावी लागते.

काही विषय मालिकेत येतात. कॅल्क्युलसचे दोन-तीन भाग एकत्र कंसात दाखवले असतील तर ते एकाच कॉलेजात संपवा. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (वर्षाला तीन सत्रं) चालतात, ओलोनी आणि मिशन सेमिस्टरवर (वर्षाला दोन). अर्धं कॅल्क्युलस इकडे आणि अर्धं तिकडे केलं की मधले धडे दोन्हीकडून निसटतात आणि करारही लागू पडत नाही. युनिटांचा हिशोबही लक्षात ठेवा: ६० सेमिस्टर युनिट म्हणजे ९० क्वार्टर युनिट.

चौथं, विषयांचे नंबर बदलत आहेत. राज्यभर एकच नंबर असावा म्हणून आणलेल्या कायद्यानुसार २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारं सत्र) इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी अशा विषयांना ‘सी १०००’ पद्धतीचे नवे नंबर लागले. जुन्या यादीतला नंबर सापडला नाही म्हणून विषय बंद झाला असं समजू नका.

जनरल एज्युकेशन: किती आणि केव्हा

जनरल एज्युकेशन म्हणजे मेजरखेरीज सगळ्यांना घ्यावे लागणारे सर्वसाधारण विषय. युसीची किमान अट सात विषयांची आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्य, समाजशास्त्र व विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले मिळून चार. प्रत्येकात सी किंवा वर. त्याखेरीज कॅल-गेटक नावाचा ११ विषयांचा, ३४ युनिटांचा संच आहे. २०२५ च्या फॉलपासून आयगेटक या जुन्या संचाच्या जागी तो आला. यात भाषण-संवादाचा आणि एथ्निक स्टडीजचा विषय आहे, आणि तो संपवला की विद्यापीठात खालच्या वर्गातलं जनरल एज्युकेशन सुटतं.

इतिहास, समाजशास्त्र, इंग्रजी अशा मेजरना पूर्ण कॅल-गेटक करणं फायद्याचं. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स यांना मात्र आधी मेजरची तयारी, मग सात विषय, आणि वेळ उरलाच तर बाकीचं. काउन्सेलर कधी कधी सवयीने सगळ्यांना एकच संच देतात. तो घेऊन भौतिकशास्त्राचा शेवटचा भाग राहिला तर कलेच्या इतिहासातला ए त्याची भरपाई करत नाही.

भारतातल्या कॉलेजचे विषय कॅल-गेटकमध्ये धरले जात नाहीत. कम्युनिटी कॉलेजने बाहेरच्या संस्थेकडून तुमच्या मार्कशीटचं मूल्यांकन करून घेऊन स्वतःच्या पदवीसाठी काही विषय माफ केले, तरी ती माफी युसीला बांधील नाही.

शेवटच्या विषयाकडून मागे मोजा

ज्या फॉलमध्ये विद्यापीठात जायचं, त्याच्या आधीच्या स्प्रिंग सत्राच्या अखेर (मे-जूनच्या सुमारास) सगळं संपलेलं असावं लागतं. म्हणून कागदावर आधी तो स्प्रिंग लिहा आणि मागे या.

समजा कॉम्प्युटर सायन्स. सेमिस्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलस एक, दोन, तीन आणि त्यापुढे लिनिअर अल्जिब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स. प्रत्येकाला आधीचा विषय पास झालेला लागतो. म्हणजे गणिताची साखळीच तीन ते चार सेमिस्टरची. मेकॅनिक्सचं भौतिकशास्त्र कॅल्क्युलसच्या जोडीने किंवा नंतर सुरू होतं, आणि प्रोग्रॅमिंगची साखळी वेगळी. त्यामुळे रोज रात्री अभ्यास करण्याची कितीही तयारी असली तरी साखळी आखूड होत नाही. पहिल्या सेमिस्टरला गणित घेतलं नाही तर वर्ष मागे पडतं, कारण पुढची कडी फक्त फॉललाच शिकवली जाणारी कॉलेजं आहेत. पहिल्या दिवशी गणित आणि इंग्रजी. आवडीचा फोटोग्राफीचा क्लास नंतर.

पूर्वी प्लेसमेंट परीक्षेत मोठ्या माणसांना हायस्कूलच्या गणितात ढकलत आणि तिथेच त्यांची दोन वर्षं जात. आता कायद्याने थेट ट्रान्सफरच्या पातळीवर बसवतात. हे चांगलंच झालं, पण वीस वर्षांनी लॉगॅरिदम बघणाऱ्याने आधीचा उन्हाळा बीजगणित आणि त्रिकोणमितीला द्यावा. कॉलेज जोडीला सपोर्ट क्लास देत असेल तर लाज न बाळगता घ्यावा. कॅल्क्युलसमध्ये गडगडणाऱ्यांपैकी बरेच जण कॅल्क्युलसमुळे नव्हे तर अपूर्णांक आणि त्रिकोणमितीमुळे गडगडतात.

वेळेचा हिशोब असा: सेमिस्टरला १२ युनिट आणि उन्हाळ्यात ६ घेतले तर वर्षाला ३०, म्हणजे दोन वर्षं. पूर्ण वेळ नोकरी सांभाळून सेमिस्टरला ७ आणि उन्हाळ्यात ४ घेतले तर वर्षाला १८, म्हणजे तीन वर्षांहून थोडं जास्त. दोन्ही चालतं. मात्र शेवटच्या वर्षात एकदा तरी मेजरचे दोन-तीन अवघड विषय एकत्र घेऊन चांगले मार्क मिळवून दाखवा, कारण पुढचा भार तसाच असणार. युसीत संध्याकाळचे वर्ग फारसे नसतात. वरच्या वर्गांचे तास भर दुपारी असतात. नऊ ते पाचची नोकरी तशीच चालू ठेवून पदवी होईल असं धरून घराचं गणित मांडू नका.

जुने मार्क

युसीची किमान अट रहिवाशांना २.४ जीपीएची (चारपैकी सरासरी गुण) आहे, पण निवडीच्या ठिकाणी तो आकडा नुसता उंबरठा आहे. खरा अंदाज हवा असेल तर युसी स्वतः प्रसिद्ध करते ती ‘ट्रान्सफर्स बाय मेजर’ ही आकडेवारी बघा. तिथे प्रत्येक कॅम्पसच्या प्रत्येक मेजरला घेतलेल्यांच्या जीपीएचा मधला पट्टा दिसतो. एकाच कॅम्पसवर इतिहास आणि कॉम्प्युटर सायन्स यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विशीत इथल्याच कम्युनिटी कॉलेजात नाव घालून मधेच सोडलं आणि एफ पडले, अशी बरीच माणसं असतात. डी किंवा एफ आलेला विषय पुन्हा करता येतो. शिवाय ‘अॅकॅडेमिक रिन्यूअल’चा अर्ज करून जुने वाईट मार्क जीपीएमधून वगळून घेता येतात, आणि ट्रान्सक्रिप्टवर तशी नोंद असेल तर युसी ती मानते. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे: आधी काही युनिट चांगल्या मार्कांनी झालेले हवेत, मध्ये ठरावीक काळ गेलेला हवा. अर्जाच्या आधीच्या स्प्रिंगमध्येच हे उरका. सी आलेला विषय मात्र जीपीए वाढवायला पुन्हा घेता येत नाही, म्हणून घसरण दिसू लागली की डब्ल्यूची (मार्काऐवजी विषय सोडल्याची नोंद) शेवटची तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा. एखाद-दुसऱ्या डब्ल्यूने काही बिघडत नाही. दर सेमिस्टरला एक दिसला तर त्याचं उत्तर द्यावं लागतं.

युनिट जास्त झाले म्हणून घाबरू नका. कम्युनिटी कॉलेजचे कितीही असले तरी ७० सेमिस्टर युनिटच धरले जातात आणि त्यामुळे प्रवेश अडत नाही. चार वर्षांच्या विद्यापीठात घेतलेले युनिट मात्र या मर्यादेच्या वर चढतात. ते फार झाले तर काही कॅम्पस अर्ज नाकारू शकतात. भारतात तीन वर्षं शिकून शेवटची परीक्षा न दिलेल्यांनी हा प्रश्न कॅम्पसच्या प्रवेश कार्यालयाला आधीच लेखी विचारावा.

अर्जाचं वर्ष

ऑगस्ट: फॉर्म १ तारखेला उघडतो. एकच फॉर्म सगळ्या कॅम्पसना चालतो. विषय आणि मार्क तुम्हीच भरता. ट्रान्सक्रिप्ट या वेळी पाठवायची नसते, पण समोर ठेवूनच भरायची. भारतातले मार्क मार्कशीटवर जसे आहेत तसेच लिहा. टक्क्यांचा स्वतः जीपीए करू नका.

सप्टेंबर: १ ते ३० या काळात टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस तो देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, त्या वेळेपर्यंत ३० सेमिस्टर युनिट झालेले लागतात, आणि इंजिनिअरिंगसारखी काही मेजर त्यातून वगळलेली असतात. बर्कलीच डोक्यात असली तरी पात्र असाल तर टॅग भरा. घर, मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी बांधलेल्या माणसाला एक पक्का पर्याय हातात असणं फार मोलाचं असतं. मात्र टॅग म्हणजे अर्ज नव्हे. पुढचा फॉर्म भरला नाही तर हमी संपली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: १ ऑक्टोबरपासून अर्ज सादर करता येतो आणि मुदत नोव्हेंबरअखेरच्या सुमारास संपते. शेवटच्या रात्री संकेतस्थळ रडतं, तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या आधीच मोकळे व्हा. फी दर कॅम्पसला ८० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसपर्यंत माफी मिळते.

जानेवारी: हा महिना विसरणारे दरवर्षी असतात. ‘ट्रान्सफर अॅकॅडेमिक अपडेट’मध्ये फॉलचे मार्क आणि स्प्रिंगचे विषय ३१ जानेवारीपर्यंत भरायचे. ते आले नाहीत तर वाचणाऱ्यापुढे तुमचा अर्ज अर्धाच राहतो. ईमेल स्पॅममध्ये गेला ही सबब चालत नाही.

निबंध आणि कामांची यादी

ट्रान्सफरला चार उत्तरं लिहायची, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक सक्तीचं: निवडलेल्या मेजरची तयारी कशी केली. उरलेल्या सातांपैकी तीन तुम्ही निवडायची.

सक्तीच्या उत्तरात ‘मला लहानपणापासून गणिताची आवड आहे’ याने सुरुवात झाली की पहिली ओळ वाया गेली. कुठला विषय, त्यातला कुठला प्रश्न, तो कामात किंवा घरात कुठे भेटला आणि पुढे काय शिकायचं आहे, ते लिहा. दुकानाचे हिशेब पाच वर्षं सांभाळणाऱ्याने ‘मी जबाबदार आहे’ म्हणण्यापेक्षा दिवाळीच्या मालाचा अंदाज दोनदा का चुकला आणि स्टॅटिस्टिक्स शिकल्यावर त्यात काय दिसलं, हे लिहावं.

मराठी घरातून आलेल्यांची एक खोड: ‘आम्ही केलं’. सासऱ्यांच्या दुखण्यात दोन वर्षं दवाखाना तुम्ही सांभाळला असेल, विम्याची भांडणं तुम्ही लढली असतील, तर इथे ‘मी’ लिहायला संकोचू नका. वाचणाऱ्याला घराबद्दल नव्हे, अर्जदाराबद्दल ठरवायचं असतं. उलट टोकाची चूक म्हणजे चारही उत्तरांत हालअपेष्टाच. अडचणीला एक उत्तर पुरे, आणि त्यातही अर्ध्याहून जास्त जागा तिच्यातून काढलेल्या मार्गाला द्या. मधली वर्षं का रिकामी आहेत याचा कोरडा तपशील फॉर्मच्या ‘अॅडिशनल कॉमेंट्स’मध्ये जातो, तारखांसह पाच-सहा वाक्यं बस झाली.

कामांच्या यादीत २० नोंदी बसतात. नोकरी, स्वयंसेवा, महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शिकवणं, मुलांचं किंवा वडीलधाऱ्यांचं संगोपन: सगळं आठवड्याच्या तासांसकट भरा. आठवड्याला तीस तास नोकरी आणि शिवाय ३.८ जीपीए, हे तास न लिहिल्यास कुणाला कळणारच नाही. शिफारसपत्रं युसी सर्वसाधारणपणे घेत नाही, म्हणून सगळा भार या पानांवर असतो.

खासगी विद्यापीठांत शिफारसपत्रं लागतात. तिथे मोठ्या वयाच्यांसाठी वेगळी दारंही आहेत: कोलंबियाचं स्कूल ऑफ जनरल स्टडीज, येलचा एली व्हिटनी, ब्राउनचा आरयूई, स्त्रियांसाठी स्मिथचा अडा कॉम्स्टॉक आणि वेलस्लीचा डेव्हिस. प्रत्येकाची वयाची किंवा खंडाची अट निराळी, आणि मदतीचे नियमही. कोलंबियाच्या या शाखेत गरजेइतकी सगळी मदत मिळेल असं धरून चालू नका.

पैसे

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ऑक्टोबरपासूनच फॅफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरायच्या तयारीला लागा. वय २४ झालेलं किंवा लग्न झालेलं असेल तर आई-वडिलांचं उत्पन्न धरत नाहीत, जोडीदाराचं मात्र धरतात. हिशोब दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्सवर होतो. नोकरी सोडून शिकायला जाणाऱ्याचं उत्पन्न त्यामुळे कागदावर भरपूर दिसतं आणि मदत शून्य येते. तिथे गप्प बसू नका: राजीनाम्याचं पत्र आणि शेवटची पेस्लिप जोडून फायनान्शियल एड ऑफिसकडे फेरविचार मागता येतो. पेल ग्रँट (परत न करायची केंद्र सरकारची मदत) आयुष्यात पूर्ण वेळाच्या १२ सेमिस्टरइतकीच मिळते. कम्युनिटी कॉलेजात पाच-सहा वर्षं रेंगाळलात तर विद्यापीठात गेल्यावर ती संपते. एच-४ धारकांना फॅफ्साची मदत मिळत नाही, आणि वर्क परमिट नसेल तर कॅम्पसवरची पगारी कामंही करता येत नाहीत.

पत्र आल्यानंतर

निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. प्रवेश सशर्त असतो. स्प्रिंगमध्ये डी आला, किंवा अर्जात लिहिलेला विषय न सांगता सोडला, तर तो काढून घेतला जाऊ शकतो. विषय सोडायचाच असेल तर आधी कॅम्पसला कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, शिकलेल्या प्रत्येक कॉलेजकडून. एका उन्हाळ्यात घेतलेल्या एकुलत्या एक ऑनलाइन क्लासचीसुद्धा. कॅल-गेटकचं सर्टिफिकेशन ट्रान्सक्रिप्टबरोबर आपोआप जात नाही; काउन्सेलिंग ऑफिसकडून ते वेगळं मागावं लागतं. भारतातल्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट मिळायला कधी आठवडे, कधी महिने लागतात, तेव्हा तिचा अर्ज जानेवारीतच टाका आणि तिकडे कुणा नातेवाइकाला खिडकीवर जायला आधीच सांगून ठेवा.

कुटुंबासह जाणार असाल तर फॅमिली हाउसिंगची यादी लांब असते. बर्कलीचं युनिव्हर्सिटी व्हिलेज शेजारच्या अल्बनी गावात आहे. होकाराची वाट न बघता तिथल्या अर्जाची तारीख एप्रिलमध्येच शोधून ठेवा. पाळणाघराचा अर्ज बहुधा वेगळा असतो, आणि तोही त्याच आठवड्यात टाकावा.